रीस्टार्ट केल्यावर राउटर चालतो, पण बिघाड कळत नाही

नमस्कार,

राउटर का अडकतो यावरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच देते. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: घरचा राउटर दर तीन-चार दिवसांनी अडकतो, बंद करून चालू केला की नीट चालतो. यासाठी एवढा मोठा लेख कशाला? प्लगला टायमर लावावा, रोज पहाटे राउटर आपोआप बंद-चालू होईल, विषय संपला. दुसरं म्हणजे, लेखात 'हे मॉडेल घ्या' असं कुठेच नाही, मग वाचणाऱ्याने करायचं काय?

दुसरा प्रश्न रास्त आहे, त्याकडे येतेच. पहिला मुद्दा मात्र मला अजिबात पटत नाही.

रीस्टार्टनंतर राउटर चालला, म्हणजे दोष राउटरमध्येच होता असं आपण धरून चालतो. पण रीस्टार्ट एका फटक्यात किती गोष्टी करतो बघा. मेमरी रिकामी होते. वायफायचा चॅनेल (सिग्नलची ठरावीक पट्टी) 'ऑटो'वर असेल तर आसपासचे सिग्नल पाहून राउटर नव्याने चॅनेल निवडतो. इंटरनेट कंपनीकडे पुन्हा लॉगिन होतं, बऱ्याचदा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपला क्रमांक, तोही बदलतो. घरातले फोन, टीव्ही, कॅमेरे सगळे तुटून परत जोडले जातात. तापलेली चिप थोडी निवते. यातल्या नेमक्या कशाने गुण आला ते कसं कळणार? अडकलेला राउटर काहीतरी सांगत असतो, आणि आपण बटण दाबून तो पुरावा पुसून टाकतो. टायमर तेच काम रोज करेल, तेही कोणी बघत नसताना.

तुमचे 'तीन-चार दिवस' वाचून मला पहिली शंका आली ती जोडण्यांच्या नोंदवहीची. घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेर एकच आयपी पत्ता असतो, त्यामुळे कुठल्या फोनची कुठली जोडणी कोणत्या सर्व्हरशी आहे, याची नोंद राउटरला ठेवावी लागते. या नोंदवहीची पानं मोजकी असतात, कारण प्रत्येक नोंद मेमरी खाते. जोडणी रीतसर बंद झाली तर नोंद लगेच निघते. पण फोन वायफायच्या टप्प्याबाहेर गेला, लॅपटॉप झाकला, ॲप मध्येच मेलं, तर नोंद तशीच राहते. बहुतेक राउटर लिनक्स या प्रणालीवर चालतात, आणि लिनक्समध्ये टीसीपी या नेहमीच्या प्रकारच्या जोडणीची अशी बेवारस नोंद मुळात ४,३२,००० सेकंद, म्हणजे पूर्ण ५ दिवस ठेवली जाते. राउटर बनवणाऱ्याने हा आकडा खाली आणला असेल तर ठीक. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीत तो ७,४४० सेकंद, म्हणजे २ तास ४ मिनिटं केलेला असतो. जिथे तो कोणी बदललेलाच नाही, तिथे टॉरेंट (अनेक संगणकांशी एकदम जोडून फाइल उतरवणं) चालवणारा एक संगणक काही दिवसांत नोंदवही भरून टाकू शकतो.

याचं लक्षण फार ठळक असतं, एकदा बघितलं की विसरत नाही. आधीपासून चालू असलेला व्हिडिओ कॉल व्यवस्थित चालू राहतो, आणि त्याच वेळी शेजारच्या फोनवर नवं पान काही केल्या उघडत नाही. जुन्या नोंदी शाबूत, नव्यांना जागा नाही. राउटरचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, बघायची सोय असेल तर तिथे 'टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' अशी ओळ एकाखाली एक सापडते. अशा वेळी टॉरेंटच्या सेटिंगमध्ये जोडण्यांची कमाल संख्या कमी करायची, राउटरमध्ये नोंदींची मुदत बदलता येत असेल तर ती उतरवायची. रोजचा रीस्टार्ट इथे दुखणं फक्त लांबणीवर टाकतो. ज्या दिवशी वापर जास्त, त्या दिवशी पहाटे रीस्टार्ट होऊनही राउटर संध्याकाळी अडकणारच.

दुसरा संशयित म्हणजे ॲडॉप्टर, आणि त्याच्याकडे जवळपास कोणीच बघत नाही. आमच्याकडचा एक राउटर घरात सगळे एकदम व्हिडिओ बघायला लागले की आपोआप बंद-चालू व्हायचा. तक्रारीवर प्रत्येक वेळी 'राउटर जुना झाला, बदला' एवढंच उत्तर मिळायचं. ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर लिहिलेलं होतं. तेवढ्याच व्होल्टचा, जरा जास्त अँपिअरचा दुसरा ॲडॉप्टर लावल्यावर तोच 'जुना' राउटर सुरळीत चालला. स्वस्त ॲडॉप्टरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. भार कमी असताना काही जाणवत नाही, भार वाढला की व्होल्टेज कोसळतं. ॲडॉप्टर बदलताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, पिनची जाडी आणि धन-ऋण खूणही जुळायला हवी. अँपिअर मात्र जास्त चालतात. आणि राउटर बंद कपाटात किंवा सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर असेल तर आधी तिथून हलवा.

बिघाड शोधायला फार वेळही लागत नाही. पुढच्या वेळी नेट अडकलं की लॅपटॉपला केबल लावून राउटरचं सेटिंगचं पान उघडून बघा. केबलनेही ते उघडलं नाही तर राउटरच गोठलाय, म्हणजे मेमरी, उष्णता किंवा वीज. पान उघडलं तर त्याच लॅपटॉपवरून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते तपासा. उत्तर येत नसेल तर बाहेरची लाइन, फायबरचा डबा किंवा कंपनीकडचं लॉगिन तपासा. डब्यावरचा 'लॉस' असा लाल दिवा लागला असेल तर राउटरचा काही संबंधच नाही. उत्तर येतंय पण साइट नावाने उघडत नाहीत, तर डीएनएसचा, म्हणजे नावावरून साइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा, घोळ आहे. राउटरमध्ये दुसरा डीएनएस पत्ता घातला की झालं. आणि केबलवर सगळं छान, फक्त वायफायवर अडतंय, तर प्रश्न चॅनेलचा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरतात, १, ६ आणि ११. 'ऑटो' सोडून त्यातला एक कायम करून बघा. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क मध्येच नाहीसं होत असेल तर ५२ ते १४४ मधला चॅनेल लागलेला असू शकतो. तिथे रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनेल सोडावाच लागतो. ३६ ते ४८ मध्ये ही अडचण नसते.

टायमरबद्दल आणखी एक, आणि हे मी कळकळीने सांगते. टायमर वीजच तोडतो. त्याच वेळी राउटर स्वतःचं सॉफ्टवेअर अद्ययावत करत असेल, आणि असे अपडेट बरेचदा पहाटेच ठरवलेले असतात, तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो. तुमचा राउटर कंपनीने दिलेला असेल, त्यात काहीच बदलता येत नसेल आणि तो बदलून मिळत नसेल, तर नियमित रीस्टार्ट हा व्यवहारी मार्ग आहे, एवढं मी मान्य करते. पण मग राउटरच्या सेटिंगमध्येच ठरावीक वेळी रीस्टार्ट करण्याची सोय आहे का बघा, ती वापरा. प्लग नको.

आता मॉडेलचं नाव. ते मी जाणूनबुजून दिलं नव्हतं, कारण एकाच नावाखाली वेगळंच यंत्र विकलं जातं. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी. २००२च्या अखेरीस आलेला हा राउटर लिनक्सवर चालायचा, आणि त्याच्याच उघड झालेल्या कोडमधून पुढे ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. टिकाऊ म्हणून त्याचं नाव झालं. मग २००५ मध्ये पाचवी आवृत्ती आली. नाव आणि रूप तेच, पण मेमरी १६ एमबीवरून ८ वर, फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) ४ वरून २ वर, आणि लिनक्सच्या जागी दुसरी प्रणाली. जुनी कीर्ती ऐकून तो घेतलेल्यांच्या हाती भलतंच यंत्र पडलं. लिनक्स हवं असणाऱ्यांसाठी कंपनीला डब्ल्यूआरटी५४जीएल हे वेगळं मॉडेल काढावं लागलं. म्हणून राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर नावापुढे आवृत्तीचा आकडा असतो तो बघा, आणि परीक्षणं त्याच आवृत्तीची वाचा.

घेताना मी मेमरी बघते. किमान १२८ एमबी, शक्यतो २५६. खोक्यावरच्या वेगाने भुलू नका. 'एएक्स३०००' म्हणजे एका बँडचे ५७४ आणि दुसऱ्याचे २,४०२ एमबीपीएस यांची बेरीज. एका फोनला तो वेग कधीच मिळत नाही, आणि राउटर किती दिवस न अडकता चालेल हे त्या आकड्यातून कळत नाही. अँटेनांच्या संख्येवरूनही नाही. त्यापेक्षा त्या नेमक्या आवृत्तीचं नाव ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आहे का ते शोधा. तुम्हाला ते टाकायचं नसलं तरी शोधा. कंपनीने अपडेट बंद केले तरी यंत्र वापरात ठेवायला एक वाट उरते. घर मोठं असेल तर तारेचा राउटर वेगळा आणि वायफायचा ॲक्सेस पॉइंट (फक्त वायफाय पसरवणारा डबा) वेगळा, ही मांडणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. एकावरचा ताण दुसऱ्याला भोवत नाही, आणि बिघडलं तर कोण बिघडलंय ते लगेच दिसतं.

नाव हवंच असेल तर ओपनडब्ल्यूआरटी वन घ्या. २०२४ मध्ये आलेल्या या राउटरमध्ये १ जीबी मेमरी आहे, आणि सॉफ्टवेअर बिघडलं तर परत उभं करण्यासाठी वेगळी फ्लॅश चिप आहे. पण त्याची सेटिंग्ज स्वतः करायची तयारी हवी. नसेल तर तो तुमच्यासाठी नाही.

तुमच्या बाबतीत मी लगेच खरेदी करणार नाही. आधी ॲडॉप्टर बदलून आठवडाभर बघा. तरी अडकला तर वर सांगितलेली केबलची तपासणी करा, आणि चालू कॉल टिकतोय का, नवं पान उघडतंय का, हे त्याच वेळी नोंदवा. ते आणि स्टिकरवरची आवृत्ती इथेच लिहा. राउटर बदलायचा की नाही ते त्यावरून सांगता येईल.