जुलै महिना मागच्या वर्षाला द्या

आपल्याकडे शाळा उशिरा उघडतात. पुण्या-मुंबईची मुलं जूनच्या मध्यावर वर्गात जाऊन बसतात, तेव्हा विदर्भातले पोट्टे अजून कूलरसमोर लोळत असतात. त्यात त्यांची काही चूक नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या गावात शाळा जूनच्या शेवटाकडेच उघडायला हवी. पण हे जे जास्तीचे दिवस पदरात पडतात त्यांचं काय करायचं, यावरून दर वर्षी माझी पालकांशी थोडीफार वादावादी होते. म्हणून यंदा लिहूनच टाकते.

माझं म्हणणं एवढंच, की नव्या वर्षाची सुरुवात नव्या पुस्तकाने करू नका. दहावीत गेलेल्या मुलाने आधी नववीचं गणित उघडावं, अकरावीवाल्याने दहावीचं. शाळा सुरू झाली की वर्गात जे चाललंय ते चालू द्या, पण घरचा आणि ट्यूशनचा वेळ सगळा जुलै मागच्या वर्षाला द्या.

नागपुरात सक्करदऱ्यात माझी घरगुती ट्यूशन आहे, आठवी ते दहावी, स्टेट बोर्ड, फक्त गणित. मोठमोठे होर्डिंग लावणाऱ्या क्लासेसशी माझी काही स्पर्धा नाही. पण जून लागला की त्यांचं वारं माझ्या बैठकीपर्यंत येतंच. 'मॅडम, पोर्शन कधी सुरू करता?' मी म्हणते, मागचा झाला की. 'अहो, बाकीचे तर व्हेकेशन बॅचमध्ये दोन धडे संपवून राहिले!' हे 'संपवणं' मला फार गमतीचं वाटतं. शिकवणाऱ्याचा धडा संपतो हो. मुलाचा संपला का, हे पहिल्या घटक चाचणीपर्यंत कोणी विचारत नाही.

मुलं नव्या गोष्टीला अडत नाहीत, हा माझा आजवरचा अनुभव. दहावीचं वर्गसमीकरण घ्या. समीकरण म्हणजे काय, मूळ म्हणजे काय, हे मुलांना पहिल्या तासाला कळतं. गाडी अडते ती अवयव पाडताना. बेरीज पाच आणि गुणाकार सहा येईल अशा दोन संख्या सांग म्हटलं, की वहीकडे बघत बसतात. आणि बेरीज उणे एक आणि गुणाकार उणे सहा म्हटलं की संपलंच. आता बैजिक राशींचे अवयव हा धडा आठवीतला आहे. म्हणजे दहावीतल्या मुलाला दोन वर्षांपूर्वीचा धडा नडतो, आणि घरी सगळे म्हणतात की दहावीचं गणित कठीण आहे.

त्रिकोणमितीत तर याहून मजा. साईन तीस किती, विचारा. 'एक छेद दोन, मॅडम,' पाठ असतं, ताडकन येतं. मग विचारा की कशाचं अर्धं? सगळे गप्प. काटकोन त्रिकोणात तीस अंशाच्या कोनासमोरची बाजू कर्णाच्या निम्मी असते, त्रिकोण वहीवर काढा नाहीतर मैदानावर आखा, हे गुणोत्तर तेच राहतं. का राहतं, तर ते सगळे त्रिकोण समरूप आहेत. समरूपतेचं मूळ गुणोत्तर आणि प्रमाणात, आणि तो धडा नववीच्या पहिल्या भागात येऊन गेलेला असतो. ज्याचं गुणोत्तर कच्चं आहे त्याच्याकडून दहावीत नुसता तक्ता घोकून घेतला, तर बोर्डात मार्क मिळतीलही. पुढे अकरावीच्या फिजिक्समध्ये व्हेक्टरचे घटक पाडताना तोच मुलगा 'सायन्स माझ्यासाठी नाही' म्हणून बसतो. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण सायन्सने त्याचं काहीच बिघडवलेलं नसतं.

आता मागचं काढायचं म्हणजे पुस्तक घेऊन पुन्हा वाचायचं, असं नाही. ते तर अजिबात करू नका. २००६ साली अमेरिकेत रॉडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. छोटे उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर लिहिणारे. आपली मुलं आदल्या रात्री 'सगळं येते' म्हणतात आणि पेपरात अडकतात, त्यात खोटं काहीच नसतं. आदल्या रात्री खरंच येत असतं.

म्हणून मी काय करते, तर पहिल्याच दिवशी मागच्या वर्षीची वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका पुढ्यात ठेवते. पुस्तक बंद, मोबाईल बाहेरच्या खोलीत, मार्क देणार नाही हे आधीच सांगते. जे आलं ते आलं. जिथे पेन थांबलं तिथे फक्त एक टिंब काढायचं. मग त्या टिंबांच्या मागे मागे जायचं, नववीतून आठवीत, गरज पडली तर अपूर्णांकांसाठी सहावीतही. मुलांना सुरुवातीला लाज वाटते. दहावीचा मुलगा सहावीचं पुस्तक घेऊन बसलाय हे धाकट्या बहिणीला दिसू नये म्हणून वर्तमानपत्राचं कव्हर घालणारेही मी पाहिलेत! चार-सहा दिवसांत ती लाज जाते, कारण गणितं सुटायला लागतात.

'पण मॅडम, यात महिना जाते ना?' हो, जाते. पुढे गणपती, नवरात्र, दिवाळी, दिवस असेही कमीच. हा हिशोब मलाही कळतो. पण आठवीचे अवयव पक्के झालेल्या मुलाला वर्गसमीकरणं शिकवायला जो वेळ लागतो तो इतका कमी असतो, की ऑगस्ट संपता संपता तो बरोबरीला येतो. सगळेच येतात असं नाही. ज्याचं फारच मागे राहिलंय त्याला दिवाळी लागते. तरी तोही 'माझ्या डोक्यातच गणित नाही' म्हणणं सोडून देतो, आणि मला ते पुरतं.

कॉलेजवाल्यांचं फार वेगळं नाही. नागपूर विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षेत पेपर बॅक राहिला की पोरं म्हणतात उन्हाळीत काढू, उन्हाळीत म्हणतात पुढच्या हिवाळीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक काढून 'घेऊन जा गे मारबत' म्हणत ईडा-पीडा गावाबाहेर नेता येते, बॅकलॉग नाही नेता येत. आणि गडचिरोली-चंद्रपूरहून पहिल्यांदा नागपुरात येणाऱ्या मुलांना अभ्यासाच्याही आधी एक सांगते. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, जात पडताळणी, बँक खात्याला आधार जोडणं, हे सगळं गर्दी व्हायच्या आत गावाकडेच उरका. हुशार पोरांचे सुरुवातीचे आठवडे लेक्चरऐवजी रांगेत जाताना पाहिलेत.

बाकी पहाटे चारला उठा, भिंतीवर रंगीत टाईमटेबल चिकटवा, यावर मला काही म्हणायचं नाही. ज्यांना जमतं त्यांनी करावं.

अडचण एकच येते, ती म्हणजे मागचं पुस्तक घरात नसतं. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी रद्दीवाला. किलोवर जाऊन किती पैसे येतात हो? शाळेची पुस्तकं निदान दोन वर्षं घरात राहू द्या. दिलीच असतील तर ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतात, पण मुलांच्या हातात मोबाईल देऊन गणित सोडवायला बसवणं म्हणजे काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. कुणाकडे आठवीचं गणित आणि नववीचे दोन्ही भाग पडून असतील, मराठी माध्यम, फाटके असले तरी चालतील, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. सक्करदरा, नंदनवन, मानेवाड्याकडे असाल तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन.