आरओचं पाणी पिणाऱ्या मुलांनाही हेपेटायटिस ‘ए’ची लस हवी

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या वाड्यांत वाढलेली आपली पिढी नेहमी म्हणते, ‘आम्ही नळाचंच पाणी प्यायलो, काय झालं आम्हाला?’ बहुतेकांना झालं होतं, फक्त कळलं नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला हेपेटायटिस ‘ए’, म्हणजे दूषित पाण्या-खाण्यातून होणारी यकृताची विषाणूजन्य सूज, झाला की बऱ्याचदा थोडा ताप येतो, जेवण नको होतं आणि विषय संपतो. डोळे पिवळे होत नाहीत, प्रतिकारशक्ती मात्र जन्मभराची मिळते.

आता अलकापुरी, गोत्रीच्या फ्लॅटांत आरओ आहेत. मुलं लहानपणी या विषाणूपासून वाचतात, हे चांगलंच आहे. पण मग चौदाव्या-पंधराव्या वर्षी क्लासहून येताना पाणीपुरी, बर्फाचा गोळा, नवरात्रात गरब्याच्या मैदानाबाहेर मध्यरात्रीचं खाणं सुरू होतं आणि विषाणूशी पहिली गाठ तेव्हा पडते. त्या वयात दहापैकी सात जणांना तरी कावीळ होते. माझा भाचा ऐन दहावीत आजारी पडला. पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरेना. बहीण सारखी म्हणत होती, ‘अगं, हेपेटायटिसची लस दिलीये त्याला!’ दिली होती, पण ती ‘बी’ची, म्हणजे वेगळ्याच विषाणूची. सरकारी लसीकरणात जन्मल्याबरोबर आणि पुढे सहा, दहा, चौदा आठवड्यांना मिळते ती ‘बी’चीच. ‘ए’ची त्यात नाही. ती खासगी डॉक्टरांकडे विकत घ्यावी लागते आणि आपण विचारलं नाही तर राहूनच जाते.

भाचा बरा झाला. बहुतेक मुलं होतात. पण थोड्यांचं यकृत अचानक निकामी होतं, आणि आपल्या देशात मुलांचं यकृत असं निकामी होण्यामागे हा विषाणू हे एक मोठं कारण आहे. त्याला मारणारं औषध नाही. म्हणून कावीळ उतरवायच्या माळा आणि झाडपाल्याच्या पुड्या पाहिल्या की माझा जीव तुटतो. काही झाडपाल्यांनी आधीच सुजलेल्या यकृताला आणखी इजा होते. मूल असंबद्ध बोलायला लागलं, गुंगीत गेलं किंवा कुठून रक्त आलं, तर तडक मोठं हॉस्पिटल गाठा.

आणखी एक. डोळे पिवळे दिसायच्या आधीचे एक-दोन आठवडे रोगी सर्वांत जास्त विषाणू पसरवत असतो. म्हणजे ताट-पेला वेगळा करेपर्यंत भावंडांना लागण होऊन गेलेली असते. घरात एकाला निघाली तर बाकीच्या मुलांना लगेच डॉक्टरांकडे न्या. रोग्याशी संपर्क आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत लस दिली तर अजून उपयोग होऊ शकतो.

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं. गटार आणि पिण्याचं पाणी एक व्हायला किती वेळ लागतो, ते तेव्हा आपण पाहिलं. महानगरपालिकेच्या शाळेतल्या मुलांना ही लस फुकट मिळावी, असं मला मनापासून वाटतं. ज्यांना परवडते त्यांच्याच मुलांनी सुरक्षित राहावं, हे मला मान्य नाही. आणि लस घेतली म्हणून पाणी उकळायचं सोडू नका, टायफॉइड आणि हेपेटायटिस ‘ई’ त्याच पाण्यातून येतात.

लस वर्षाच्या बाळापासून देता येते. एका प्रकारच्या लसीचे सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस असतात, दुसऱ्या प्रकारची एकदाच टोचतात. कोणती, ते तुमचे बालरोगतज्ज्ञ सांगतील. मूल मोठं झालं असेल तरी देता येते. दुसरा डोस लांबला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला तेवढा घेऊन टाका.