विकणे आहे, घाई नाही

आधी जाहिरात लिहा. 'येझदी रोडकिंग मोटरसायकल, 1990, सिंगल ओनर, इंजिन उघडलेले नाही.' शेवटचं खोटं आहे, असू द्या. इंजिन तीनदा उघडलंय, पण तिन्ही वेळा तुम्ही नाना पेठेत समोर स्टूल टाकून बसला होतात. घरच्या माणसाचं ऑपरेशन कुणी जाहिरातीत लिहितं का?

विकण्याचं कारण विचारलं तर 'पार्किंगला जागा नाही' म्हणा. गुडघ्याचं बोलू नका.

किंमत ठरवताना बाजारभाव काढा, त्याच्या दुप्पट सांगा. तेवढ्यालाही कोणी 'चालेल' म्हणालं, तर त्या माणसात काहीतरी खोट आहे असं समजून आणखी पाच हजार वाढवा. येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवा. सुरात अशी जरब हवी की कारखाना त्याच्यामुळेच बंद पडला असं त्याला वाटलं पाहिजे.

बहुतेक एखादा पोरगा येईल. दाढी कोरलेली, 'काका, लय भारी गाडी' म्हणणारा. ट्रायल द्यायला नाही म्हणू नका, फक्त चावी देऊन बाजूला उभे राहा. तो उजवीकडे किक शोधेल. शोधू द्या. मग वाकून खाली बघेल. बघू द्या. किक डावीकडे आहे आणि गिअरचीच दांडी आत दाबून उभी केली की तिची किक होते, हे आजकालच्या पोरांना कुठून ठाऊक असणार! त्याला पुरता घाम फुटला की मगच पुढे व्हा, चोक ओढा आणि एका किकमध्ये गाडी चालू करून दाखवा. दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर निघेल, वरच्या मजल्यावरून खोकल्याचा आवाज येईल, आणि गेली दहा वर्षं सोसायटीत ज्याच्यावरून भांडण चाललंय तो तेलाचा डाग गाडीखाली स्वच्छ दिसेल. या क्षणी गुडघ्यातून कळ जाईल. चेहरा हसरा ठेवा.

पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं हे त्याने आपण होऊन विचारलं, तर पोरगा नालायक नाही. विचारलं नाही, तर सांगू नका.

तो 'सिंहगडावर चढेल का' असंही विचारेल. इथे मात्र रागावण्याची मुभा आहे. कात्रजच्या जुन्या बोगद्यातून, दिवे घाटातून, मागे बायको, टाकीवर मुलगी आणि हँडलला दोन किलो अंजीर अशा अवस्थेत जी चढली, तिला हा प्रश्न?

बायको म्हणजे जी दहा वर्षं 'ते धूड काढा एकदाचं' म्हणत होती, तीच. व्यवहार ठरला की ती स्वयंपाकघरातून विचारेल, "एवढ्या स्वस्तात?" उत्तर देऊ नका.

गाडी त्याच्या नावावर करायला आरटीओच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या कराव्या लागतील. तुमची 1990 ची सही आजच्या सहीशी जुळणार नाही; तेव्हा शेवटच्या अक्षराला शेपूट होतं. पंधरा वर्षांनी 2005 ला, मग दर पाच वर्षांनी हिचं पासिंग करून आणताना ते कधी गळलं, आठवायचा प्रयत्न करू नका. मागे माणसं उभी असतात.

टूलबॉक्स रिकामा करून द्यायचा, हा रिवाज आहे. त्यात जुना प्लग, पॉलिशपेपरचा तुकडा आणि मुलीच्या जुन्या फ्रॉकचं फडकं निघेल. प्लग आणि पॉलिशपेपर त्याला द्या. प्लगपाना चुकून तुमच्या खिशात राहू द्या.

आरसी त्याच्या नावावर होईपर्यंत कागदोपत्री गाडी तुमचीच असते, त्यामुळे ती अजून कुणाच्या नावावर आहे हे परिवहनच्या ॲपवर रोज सकाळी बघायला हरकत नाही. चौथ्या दिवशी त्याचाच फोन येईल, "काका, भोसरीत आहे, गाडी चालूच होईना."

प्लग काळा पडला असणार, हे फोनवरही सांगता येतं. सांगू नका. पाना खिशात आहे का बघा, आणि रिक्षा करा.