कोंडीत बॅटरी संपते म्हणे: इलेक्ट्रिक गाडीविषयीच्या एका फिरत्या संदेशाला उत्तर

‘इलेक्ट्रिक गाडी घेण्याआधी हे एकदा वाचाच’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: वाहतूक कोंडीत एसी किंवा हीटर लावून बसलात तर तीन तासांत बॅटरी संपते आणि रस्ताभर बंद पडलेल्या गाड्यांची रांग लागते, बॅटरी पाच वर्षांत निकामी होते, त्यामुळे ती टिकवायची असेल तर दर वेळी शून्यावर आणूनच चार्ज करावी, या गाड्या पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा जास्त पेटतात आणि पेटल्या तर त्यांवर पाणी मारता येत नाही, पावसात चार्जिंग लावले तर शॉक बसतो, आणि वीज कोळशापासून तयार होत असल्याने प्रदूषण उलट वाढते. लिहिणाऱ्याचे नाव कुठेही नाही, ‘एका अनुभवी अभियंत्याकडून’ एवढाच उल्लेख आहे.

असले संदेश मी एरवी वाचून सोडून देतो. हा सोडवत नाही, कारण ताईने तो खरा मानला. तिने माझ्याच सांगण्यावरून इलेक्ट्रिक गाडी घेतली. परवा भर उन्हात ती बाबांना तपासणीसाठी दवाखान्यात नेत असताना वाटेत कोंडी लागली आणि तिने एसी बंद केला. बाबांना हृदयविकार आहे. बॅटरी तेव्हा निम्म्याहून जास्त भरलेली होती. बाबा घामाने निथळत घरी पोहोचले. मी कारण विचारले, तर तिने हाच संदेश माझ्यापुढे धरला. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे, आणि सुरुवात कोंडीच्या मुद्द्यापासूनच करतो.

गाडी जागच्या जागी उभी असते तेव्हा इलेक्ट्रिक मोटर वीज खात नाही. पेट्रोलचे इंजिन उभ्या गाडीतही धडधडत राहते आणि इंधन जाळत राहते. इथे तसे काही नसते. उरतो तो एसी, पंखा, समोरचा पडदा (स्क्रीन) आणि नियंत्रक संगणक यांचा खर्च. तो किती असतो हे कोणाच्या सांगण्यावर मानायची गरज नाही, कारण बहुतेक गाड्यांच्या पडद्यावर ऊर्जेच्या वापराचे पान असते. उन्हात तापलेल्या गाडीत बसून एसी सुरू केला की तो आकडा सुरुवातीला तीन-चार किलोवॉटपर्यंत उडी मारतो. मग आतली हवा गार होत जाते तसा कॉम्प्रेसर संथ होतो आणि आकडा उतरत उतरत एक किलोवॉटच्या आसपास येऊन स्थिरावतो. बाकीच्या उपकरणांचे दोन-तीनशे वॉट धरा, आणि हिशोब कडक राहावा म्हणून एकूण खर्च तासाला दीड युनिट माना. मध्यम आकाराच्या गाडीतली ४० युनिटची बॅटरी अर्धी भरलेली असली तरी २० युनिट हाताशी असतात. म्हणजे एसी अखंड चालू ठेवून तेरा तास बसता येते. संदेशातले तीन तास खरे ठरायचे, तर एसीने तासाला जवळजवळ सात युनिट ओढायला हवेत. मोटारीचा एसी उभ्या गाडीत सलग तेवढी वीज खात नाही.

हीटरचे गणित यापेक्षा कडक आहे, हे मान्य करायला हवे. साध्या विद्युत हीटरला कडाक्याच्या थंडीत दोन ते तीन किलोवॉट सहज लागतात, त्यामुळे तेच २० युनिट सात ते दहा तासांत संपतील. हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारी यंत्रणा, असलेल्या गाड्यांना त्याहून बरेच कमी लागते, आणि गरम होणारी आसने असतील तर हीटर मंद ठेवूनही ऊब मिळते. पण हा हिशोब मांडताना दुसऱ्या बाजूचा हिशोबही मांडला पाहिजे, आणि संदेश लिहिणाऱ्याने तो मुळीच मांडलेला नाही. उभ्या गाडीतले पेट्रोलचे इंजिन तासाला साधारण एक लिटर पेट्रोल जाळते, एसी चालू असेल तर थोडे अधिकच. अर्ध्या टाकीतले वीस लिटर म्हणजे तिथेही पंधरा-वीस तासच होतात. दोन्ही गाड्या एकाच पंक्तीत बसतात. मग भीती एकीचीच का घालायची?

हा दावा जोरात फिरू लागला तो जानेवारी २०२२ मध्ये. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात हिमवादळामुळे आंतरराज्य महामार्ग ९५ वर शेकडो वाहने चोवीस तासांच्या आसपास अडकून पडली होती. सिनेटर टिम केन तर २७ तास अडकले होते. या सगळ्या गाड्या विजेच्या असत्या तर काय झाले असते, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि पुढे त्या प्रश्नाचेच विधान करून लोक ते सांगू लागले. त्याच आठवड्यात पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांतल्या काहींचा जीव कार्बन मोनॉक्साइडने गेल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले होते. धुरांड्याचे तोंड बर्फाने बुजले आणि इंजिन चालू राहिले की हा वायू गाडीत शिरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. इलेक्ट्रिक गाडीला धुरांडेच नसते. बर्फात अडकल्यावर रात्रभर हीटर लावून झोपणे जिच्यात अधिक सुरक्षित आहे, तिलाच हा संदेश मृत्यूचा सापळा म्हणतो. माझा संताप यासाठी आहे.

या दाव्यात अर्धे सत्य आहे, आणि ते एवढेच: दहा टक्के बॅटरी घेऊन थंडीत महामार्गावर निघालात आणि अडकलात, तर खरोखर पंचाईत होते. कोणी कॅन भरून वीज आणून देत नाही. अशी गाडी दोर बांधून ओढणेही बहुधा चालत नाही, कारण चाके फिरली की मोटरही फिरते. तिला सपाट ट्रकवर चढवूनच न्यावे लागते. थंडीत रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर, घटते हेही खरे आहे. नॉर्वेच्या मोटारचालक संघटनेने २०२० मध्ये हिवाळ्यात घेतलेल्या चाचणीत गाड्यांनी जाहीर रेंजपेक्षा सरासरी १८.५ टक्के कमी अंतर कापले. पण त्याच नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के पूर्णपणे इलेक्ट्रिक होत्या. थंडीचा अनुभव त्या लोकांइतका फार थोड्यांना असेल.

आता याच संदेशातला दुसरा सल्ला पाहा: बॅटरी शून्यावर आणूनच चार्ज करा. म्हणजे पहिल्या परिच्छेदात ज्या अवस्थेची भीती दाखवली, त्याच अवस्थेत रोज फिरा, असे तो दुसऱ्या परिच्छेदात सांगतो. हा सल्ला ऐकून वागणारा माणूस आठवड्यातून एकदा तरी तीन-चार टक्क्यांवर रस्त्यात असणार, आणि नेमकी त्या दिवशी कोंडी लागली तर संदेश खरा ठरल्यासारखे वाटणार. सगळ्या संदेशात यापेक्षा घातक वाक्य दुसरे नाही.

हा सल्ला आला कुठून, याचा अंदाज करता येतो. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केल्या की त्यांची क्षमता घटल्यासारखी व्हायची, त्यामुळे त्या काळी पूर्ण रिकामी करण्याची शिफारस असायची. आजच्या इलेक्ट्रिक गाड्यांतल्या लिथियमच्या बॅटरीला हा नियम लागू नाही. तिला दोन्ही टोके सोसत नाहीत: अगदी रिकामी करून दिवसेंदिवस उभी ठेवणेही वाईट आणि शंभर टक्के भरून उन्हात उभी ठेवणेही वाईट. तिच्यातल्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीसाठी रोजच्या वापरात ऐंशी टक्क्यांची मर्यादा लावून ठेवावी आणि लांबच्या प्रवासाला निघण्याआधी पूर्ण भरावी. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीच्या बाबतीत मात्र अनेक कंपन्या आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरायला सांगतात. त्या प्रकारात व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सारखेच राहते, त्यामुळे पूर्ण भरल्याशिवाय गाडीच्या संगणकाला उरलेल्या विजेचा अंदाज नीट येत नाही. आपल्या गाडीत कोणती बॅटरी आहे हे माहितीपुस्तिकेत पाहावे आणि तिथे लिहिले आहे तसे वागावे. रात्री घरी आल्यावर, पन्नास टक्के असोत की सत्तर, चार्जर लावून मोकळे व्हावे. रोज थोडे थोडे भरणे हीच या बॅटरीला मानवणारी सवय आहे.

पाच वर्षांत निकामी होण्याचा मुद्दाही मोबाइलवरून उचललेला आहे. मोबाइलची बॅटरी रोज पूर्ण भरली आणि पूर्ण रिकामी केली जाते, खिशात तापते, आणि तिला थंड ठेवणारी कोणतीही व्यवस्था नसते. आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये बॅटरीभोवती द्रव फिरवून तिचे तापमान राखले जाते. बहुतेक कंपन्या बॅटरीची आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत सत्तर टक्के क्षमतेची हमी देतात; पाच वर्षांत निकामी होणाऱ्या वस्तूवर अशी हमी देऊन कोणताही धंदा टिकला नसता. मात्र निसान लीफच्या पहिल्या गाड्यांमध्ये ही थंड करण्याची व्यवस्था नव्हती आणि अमेरिकेतल्या ॲरिझोनासारख्या तापलेल्या प्रदेशात त्यांची क्षमता झपाट्याने घटल्याच्या तक्रारी २०१२ मध्ये आल्या होत्या. त्यामुळे जुनी गाडी विकत घेणाऱ्याने बॅटरीची शिल्लक क्षमता तपासून घ्यावी, एवढे या मुद्द्यातून घेण्यासारखे आहे.

आगीविषयी बोलताना चित्रफितींपेक्षा मोजणीकडे पाहावे. स्वीडनची नागरी आपत्कालीन यंत्रणा एमएसबी हिने अशी मोजणी केली आहे. २०२२ मध्ये तिथे दर एक लाख इलेक्ट्रिक व हायब्रिड गाड्यांमागे आगीच्या ३.८ घटना नोंदल्या गेल्या, तर सर्व प्रकारच्या इंधनांच्या गाड्या एकत्र धरल्यास हा आकडा ६८ होता. या दुसऱ्या आकड्यात मुद्दाम लावलेल्या आगीही आहेत आणि इलेक्ट्रिक गाड्या सरासरीने नव्या असतात, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण अंतर इतके मोठे आहे की दोन्ही कारणांसाठी भरपूर सूट दिली तरी ‘जास्त पेटतात’ हे विधान उभे राहत नाही. पेटल्यावर ही आग आटोक्यात आणणे अवघड असते, हे मात्र खरे आहे. बॅटरी अनेक छोट्या सेलची बनलेली असते; एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवत जाते, धूर विषारी असतो, आणि विझलेली बॅटरी काही तासांनी किंवा दिवसांनी पुन्हा पेटू शकते. म्हणूनच अग्निशमन दल तिच्यावर मुबलक पाणी मारून ती थंड करत राहते. ‘पाणी मारू नका’ हा सल्ला म्हणजे नेमके उलटे सांगणे आहे. गाडीतल्या माणसाने स्वतः काहीच विझवत बसू नये; सगळ्यांना उतरवावे, धुरापासून लांब जावे आणि अग्निशमन दलाला बोलावताना गाडी इलेक्ट्रिक असल्याचे आवर्जून सांगावे.

पावसातल्या शॉकची भीती एका गोष्टीने जावी. प्लग गाडीत बसवल्या क्षणी त्यात प्रवाह येत नाही. आधी गाडी आणि चार्जर एका बारीक संकेताच्या तारेवरून एकमेकांची खातरजमा करतात, जोडणी पक्की आहे का आणि अर्थिंग ठीक आहे का हे पाहतात, प्लग जागेवर अडकतो, आणि त्यानंतरच आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ‘खट्’ असा आवाज करून प्रवाह सोडतो. शांत जागी तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. काढताना हाच क्रम उलटा होतो. योग्य रीतीने बसवलेला चार्जर पावसासाठीच बनवलेला असतो. धोका असतो तो खिडकीतून लोंबत आणलेल्या, जोडलेल्या आणि जमिनीवर पाण्यात पडलेल्या साध्या एक्स्टेंशन बोर्डाचा, आणि तो कोणीही वापरू नये. पुराच्या पाण्यात, विशेषतः खाऱ्या पाण्यात, बुडालेली गाडीही चार्ज करू नये. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयान चक्रीवादळानंतर अशा काही गाड्यांनी पेट घेतला होता.

कोळशाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने २०२१ मध्ये बॅटरी बनवण्यापासून गाडी भंगारात जाईपर्यंतचे सगळे उत्सर्जन मोजले. मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीचे उत्सर्जन पेट्रोलच्या गाडीपेक्षा युरोपात ६६ ते ६९ टक्के कमी, चीनमध्ये ३७ ते ४५ टक्के कमी, आणि जिथे कोळशाचा वाटा फार मोठा आहे त्या भारतातही १९ ते ३४ टक्के कमी भरले. बॅटरी बनवताना जास्त उत्सर्जन होते हे खरे, पण ते या हिशोबात आधीच धरलेले आहे.

एवढ्या भीतीच्या यादीत प्रत्यक्ष वापरात अडवणारी एक गोष्ट मात्र कुठेच नाही, आणि ती ताईला मी वेगळी सांगितली आहे. इलेक्ट्रिक गाडीतही साधी बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते. दरवाजांची कुलुपे, पडदा आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे संपर्क-स्विच तिच्यावरच चालतात. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. माझ्या गाडीचा दरवाजा एका सकाळी उघडेना, तेव्हा कारण हेच निघाले. किल्लीच्या आत दडवलेली धातूची पाती काढून दरवाजा उघडावा लागला आणि दुसऱ्या गाडीवरून तार जोडून त्या छोट्या बॅटरीला जाग आणावी लागली. ती पाती कुठे असते, दरवाजातले कुलपाचे छिद्र कोणत्या झाकणामागे असते आणि बारा व्होल्टची बॅटरी बॉनेटखाली आहे की डिकीत, हे गाडी घेतल्या दिवशीच शोधून ठेवावे. ही छोटी बॅटरी तीन-चार वर्षे जुनी झाली की सर्व्हिसिंगच्या वेळी ती तपासून मागावी.