एका ताऱ्याच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब. शनिवारी तुमच्याशी आवाज चढवून बोललो, ते माझं चुकलंच. दुकानात गर्दी होती, पण तो काही बचाव नाही. माफ करा.

मात्र माझ्याकडून नेलेल्या सुपर फॅमिकॉमबद्दल, म्हणजे टीव्हीला जोडायच्या जुन्या जपानी व्हिडिओ गेम कन्सोलबद्दल, तुम्ही लिहिलंय, 'जपानी भंगार गळ्यात मारलं, पहिल्याच संध्याकाळी जळलं, वर 800 रुपये उकळले.' हे वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. नौपाड्यातलं एवढंसं दुकान आहे, लोक हे तारे बघूनच जिना चढतात.

जपानात घरात 100 व्होल्ट वीज येते, सुपर फॅमिकॉमचा अडॅप्टर तेवढ्याचाच. आपल्याकडे 230. म्हणूनच पिशवीत 230 चे 100 व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घातला होता आणि अडॅप्टरवर पांढरी पट्टी चिकटवून 'थेट भिंतीत लावू नका' असं लाल पेनाने मी स्वतः लिहिलं होतं. तुम्ही परत आलात तेव्हा ट्रान्सफॉर्मरचं प्लास्टिकसुद्धा फोडलेलं नव्हतं. अडॅप्टरच्या दोन चपट्या पिना आपल्या गोल भोकांच्या सॉकेटमध्ये शिरतच नाहीत. त्यावर कन्व्हर्टर पिन बसवलेली होती, ती माझ्या दुकानातली नाही. पट्टी तपकिरी पडली होती, पण अक्षरं वाचता येत होती. तुम्हाला दाखवलीही. यात माझा माल खोटा कुठे?

'अडॅप्टर मूळ बॉक्समधला नाही' हेही खरंय, पण तो कधीच बॉक्समध्ये नव्हता. 1990 साली जपानात सुपर फॅमिकॉम आला तेव्हा अडॅप्टर वेगळा विकत घ्यावा लागायचा, कारण त्याआधीच्या, 1983च्या फॅमिकॉम कन्सोलचाच त्याला चालायचा. तोच तुम्हाला दिला.

800 रुपयांत दुसरा अडॅप्टर आणि कन्सोलमधला व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आला. मजुरी एक रुपया लावली नाही, बिल बघा.

गेम संपूर्ण जपानीत आहे हे विकताना स्पष्ट बोलायला हवं होतं, मान्य. मेनूत काय कुठे आहे ते मराठीत लिहिलेला कागद कार्ट्रिजच्या डबीत आहे, तोही एकदा बघा.

यापुढे ट्रान्सफॉर्मर जोडून, टीव्हीवर चालवून दाखवूनच द्यायचा प्रयत्न राहील. सूचनाही जरा मोठ्या अक्षरात लावतो. गुरुवार सोडून कधीही कन्सोल घेऊन या, मुलालाही आणा. तुमच्यासमोर लावून देतो, पैसे नकोत.