डास असतो सावलीत

एप्रिल आला की घरच्या फोनवर दोन पक्ष पडतात. काका म्हणतात, "या उन्हात डास टिकतोय कुठला!" भाऊ म्हणतो, "तापमान वाढतंय, म्हणजे डेंगी वाढणारच." मी उत्तर इटलीत राहते. मला दोघांचं अर्धं अर्धं पटतं.

डासाच्या मादीने रोग्याचं रक्त प्यायलं तरी ती लगेच रोग पसरवू शकत नाही. जंतू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोहोचावा लागतो, आणि त्याला किती दिवस लागणार ते तापमानावर ठरतं. हिवतापाच्या फाल्सिपॅरम या जंतूला २५ अंश सेल्सिअसला साधारण १२ दिवस पुरतात, २० अंशांना जवळजवळ ४ आठवडे लागतात. तेवढं जगणार कोण? रोज दहातली एक मादी मरते असं धरलं, तर १२ दिवसांनी शंभरातल्या २८ उरतात आणि २८ दिवसांनी जेमतेम ५. ऊन फार वाढलं तर उलटं होतं: जंतू लवकर तयार होतो, पण मादीच आधी मरते. म्हणून हिवतापाला २५ अंशांच्या आसपासची हवा सर्वांत मानवते, तर एडिस इजिप्ती या डासाकडून पसरणाऱ्या डेंगीला २९ च्या आसपासची.

मग ४२ अंशांत काका बरोबर? कागदावर, हो. पण ते ४२ वेधशाळेचे. डास बसतो पलंगाखाली, पडद्यामागे, मोरीच्या ओलसर कोपऱ्यात.

शिवाय अंडी. एडिसची मादी ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवते. पाणी आटलं तरी ती महिनोन् महिने तग धरतात. इथला टायगर डास, एडिसचाच भाऊबंद, तर अंड्यांच्या रूपातच हिवाळा काढतो. मार्चमध्ये मी कुंडीखालची ताटली उचलते, तेव्हा कडेला काळे बारीक ठिपके दिसतात, खसखशीहून लहान. नुसतं पाणी ओतून ते जात नाहीत, ब्रशने खरवडावे लागतात.

थंडी आपली राखण करते, असं इथेही लोक समजत होते. २००७ मध्ये इथल्याच राव्हेन्ना भागात चिकुनगुनियाचे दोनशेहून अधिक रुग्ण निघाले. सुरुवात केरळहून आलेल्या एका प्रवाशापासून झाली होती. आता आमच्याकडे वसंतातच रस्त्याकडेच्या गटारांत अळीनाशक पडतं, रुग्ण निघायची वाट पाहत नाहीत. आपल्याकडे धुराचं यंत्र बहुतेकदा रुग्ण सापडल्यावर येतं, आणि धूर उडत्या डासाला मारतो, अंड्याला नाही. याचा मला मनापासून त्रास होतो, कारण 'कोरडा दिवस', म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवणं, ही इतकी चांगली रीत आपल्याकडे आहे आणि ती आठवते पावसाळ्यात! ती पाळायची वेळ भर उन्हातली आहे, अंडी कोरडी चिकटून बसलेली असतात तेव्हाची.

या रविवारी काकांना सांगणार आहे: पिंप नुसतं रिकामं करू नका, आतून घासा.