बी.एस्सी., बीसीएवाल्यांना दार बंद? कोणी सांगितलं?

बारावीचा निकाल लागला की आमच्या अमळनेर-पारोळ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: 'आयटीत मास्टर करायचंय? मग इंजिनिअरिंगच घ्या. बी.एस्सी., बीसीएवाल्यांना गेट देता येत नाही, पुढचं दार बंद, आणि तीन वर्षांची डिग्री परदेशात चालत नाही.' परवा एक कापूसवाले काका तोच मेसेज दाखवून विचारत होते, "सर, पोर्‍याले कथा टाकू?" म्हणजे पोराला कुठे घालू?

आधी गेटचं, म्हणजे एम.टेक.ला जाण्यासाठीच्या परीक्षेचं. साफ खोटं. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला कोणीही गेटला बसू शकतो, कला-वाणिज्यचासुद्धा. 2024 पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही आहे. आता बसणं वेगळं, प्रवेश वेगळा. नुसत्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर एम.टेक. सहसा मिळत नाही, एम.एस्सी. किंवा एमसीए करून गेलं तर बऱ्याच ठिकाणी मिळतं. मेसेजवाल्याने एवढंच लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

'दार बंद' मात्र झोंबलं. अहो, एमसीए म्हणजे कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्समधलं मास्टरच की! 2020 पासून तर दोनच वर्षांचं. बीसीएवाल्याला चालतंच, पण सीईटी देऊन बी.एस्सी., बी.कॉम., अगदी बी.ए.वालाही जाऊ शकतो. फक्त बारावीला किंवा पदवीला गणित असलेलं बरं. एनआयटी या केंद्राच्या संस्थांमधल्या एमसीएला निमसेट ही वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिथे मात्र पदवीत गणित किंवा संख्याशास्त्र बघतात. पोरं अडकतात ती इथे. गणिताला भिऊन अकरावीला बायोलॉजी घ्यायची, नीटमध्ये नंबर लागत नाही, मग केमिस्ट्री-बॉटनी घेऊन बी.एस्सी. आणि शेवटच्या वर्षाला "सर, एमसीए होईल का?" मी मार्कशीट मागतो आणि पेन्सिल घेऊन वरून खालपर्यंत गणित शोधत बसतो. नसतंच.

परदेशाचं म्हणाल तर इंग्लंडची स्वतःची पदवीच तीन वर्षांची. जर्मनीत पदवीला कॉम्प्युटर आणि गणित किती शिकलात त्याचे क्रेडिट मोजतात. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं चार वर्षं मागतात, हे खरं. पण नव्या शैक्षणिक धोरणात आपल्याकडेही चौथं ऑनर्सचं वर्ष आलंय.

इंजिनिअरिंगला माझा विरोध नाही. सरकारी कॉलेजला नंबर लागत असेल तर डोळे झाकून जा. पुढे मास्टरला लागेल म्हणून वावर गहाण टाकून कुठल्याही कॉलेजात चार वर्षं भरू नका, एवढंच.

काकांचा पोरगा बायोलॉजीवालाच निघाला. 2024 पासून बीसीएलाही सीईटी लागते, ती त्याने नशिबाने दिली होती. बीसीएचा अभ्यासक्रम काढून दिला. पहिल्या सेमिस्टरच्या यादीतलं 'गणित' वाचून त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे.